सोळा डाल्टनचा फरक

२०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, हे नाशिककर विसरलेले नाहीत. असे अंश पकडणारं मास स्पेक्ट्रोमीटर प्रथिनंही तोलतं. एन्झाइमनं प्रथिनाचे तुकडे करायचे, त्यांना विद्युतभार द्यायचा, मग वस्तुमान मोजायचं. पेशीत ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला की मेथिओनिन या अमिनो आम्लाला ऑक्सिजनचा अणू चिकटतो आणि तुकडा १६ डाल्टननं (डाल्टन हे अणू-रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) जड भरतो. मधुमेहात ग्लुकोज चिकटलं तर १६२नं: ग्लुकोजच्या १८० मधून, जुळताना निसटणाऱ्या पाण्याचे १८ वजा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा साखर चिकटलेल्या प्रथिनांवर संशोधन झालंय. गोम एकच. नमुना हाताळतानाही मेथिओनिनला हवेतला ऑक्सिजन चिकटतो! म्हणून निरोगी माणसाचा नमुना तसाच हाताळून शेजारी तपासावा लागतो. तो नसेल तर निष्कर्षावर माझा तरी भरवसा नाही.