हाडांचे औषध आणि जबड्याचे दुखणे

मुंबईहून डहाणूकडे जाणाऱ्या गाडीत पालघर गेले, उमरोळी गेले, की बोईसर येते. तिथून जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. रसायने, औषधे, कापड, पोलाद असा नाना प्रकारचा माल तिथे तयार होतो. अशा कारखान्यांत बॉयलर असतात, कूलिंग टॉवर असतात, आणि या यंत्रांचा एक जुना शत्रूही असतो. तो कोणता, ओळखा पाहू!

घरी पाणी तापवण्याच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसलेला तुम्ही पाहिला असेल. दुष्फेन पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापल्यावर असे चिकटून बसतात. हाच तो शत्रू. बॉयलरच्या नळ्यांत हा थर साचला तर उष्णता पाण्यापर्यंत नीट पोहोचत नाही, इंधन वाया जाते आणि एखादे वेळी नळी फुटतेही. म्हणून पाण्यात फॉस्फोनेट गटातील रसायने अगदी थोड्या प्रमाणात घालतात. ती कॅल्शियमच्या स्फटिकाला जाऊन चिकटतात आणि त्याची वाढ रोखतात.

तुम्ही म्हणाल, "हाडांच्या औषधाच्या लेखात हा बॉयलर कुठून आला?" कारण असे की, म्हातारपणी ठिसूळ झालेल्या हाडांवर डॉक्टर जी गोळी देतात, ती याच घराण्यातली आहे!

नळीतून हाडाकडे

1960 च्या दशकात स्वित्झर्लंडमधील हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, आपल्या रक्तात व लघवीत पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ असतो आणि तो कॅल्शियमचे क्षार नको तिथे साचू देत नाही. मग तोच औषध म्हणून का देऊ नये? अडचण अशी की, पोटात घेतल्यावर तो लगेच मोडतो. त्याच्या रेणूत दोन फॉस्फरस अणूंना जोडणारा एक ऑक्सिजनचा अणू असतो. त्याच्या जागी कार्बनचा अणू असला तर रेणू मोडत नाही. अशा पदार्थांना बिस्फॉस्फोनेट म्हणतात. त्यांपैकी एटिड्रोनेट हा पदार्थ तर पाण्याच्या नळ्यांसाठीही वापरला जातो आणि औषध म्हणूनही वापरला गेला.

हे औषध काय करते, ते समजण्यासाठी आधी हाडाकडे पाहू. हाड म्हणजे भिंतीतला निर्जीव दगड नव्हे. त्यात दोन प्रकारच्या पेशी सतत कामाला असतात. एका प्रकारच्या पेशी जुने हाड खरवडून काढतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे हाड भरतात. वय वाढले, विशेषतः स्त्रियांची पाळी बंद झाली, की खरवड वाढते आणि भर कमी पडते. हाड आतून विरळ होते. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मग न्हाणीघरात साधा पाय घसरला तरी खुब्याचे हाड मोडते.

बिस्फॉस्फोनेट हाडातल्या कॅल्शियमला चिकटून बसते. खरवडणारी पेशी ते हाड खाऊ लागली की औषध तिच्या आत शिरते आणि ती निकामी होते. खरवड मंदावते, हाड टिकते. ज्यांच्या मणक्याचे हाड आधीच मोडलेले होते अशा स्त्रियांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 1996 साली प्रसिद्ध झाले. ॲलेंड्रोनेट घेणाऱ्या स्त्रियांत मणक्याचे व खुब्याचे अस्थिभंग जवळजवळ निम्म्याने कमी झाले होते. कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांना याच गटातील औषधे मोठ्या मात्रेत, शिरेतून देऊ लागले.

जबड्यालाच का?

2003 साली अमेरिकेतील मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी 36 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. या रुग्णांच्या जबड्याचे हाड हिरडीतून उघडे पडले होते, मेले होते आणि भरून येत नव्हते. बहुतेकांना कर्करोगासाठी बिस्फॉस्फोनेटची इंजेक्शने मिळत होती.

आता विचार करा. एवढ्यावरून औषधालाच दोषी ठरवायचे का? कर्करोगाच्या रुग्णाला इतरही कडक औषधे चालू असतात. त्याची प्रतिकारशक्ती कमी असते. शिवाय ज्याचा दात काढला, त्याच्या दाताखाली आधीच पू असू शकतो. म्हणून शास्त्रज्ञांनी आणखी पुरावा पाहिला. मात्रा जास्त आणि काळ लांब, तिथे दुखणे जास्त आढळले. डेनोसुमॅब नावाचे औषध रसायन म्हणून अगदी निराळे आहे, पण तेही खरवडणाऱ्या पेशींनाच थांबवते. त्यानेही जबड्याचे हेच दुखणे झालेले दिसले! तेव्हा संशय बळावला. तरीही संसर्ग, तंबाखू, स्टेरॉइड यांचा वाटा त्यात असतोच. औषध एकटे नसते.

पण हातापायाची हाडे सोडून जबडाच का? जबड्याच्या हाडावर हिरडीचे पातळ आवरण असते. त्यात रोवलेले दात बाहेर तोंडात आलेले असतात, आणि तोंडात असंख्य जंतू असतात. चावण्याचा ताण रोजचा. त्यामुळे या हाडाची डागडुजी इतर पुष्कळ हाडांपेक्षा वेगाने चालते. दात काढला की खड्डा पडतो. तिथले खराब हाड आधी खरवडले जायला हवे, तरच नवे भरेल. खरवडणाऱ्या पेशीच बंद असतील तर? ज्या गुणामुळे खुबा वाचतो, तोच गुण इथे आड येतो.

जबड्याच्या अशा दुखण्याला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढरा फॉस्फरस वापरीत. त्याच्या वाफेने कामगारांची जबड्याची हाडे सडत. व्हिएन्नाच्या लोरिन्सर यांनी 1845 साली त्याचे वर्णन केले. पुढे अनेक देशांनी अशा काड्यांवर बंदी घातली. आपल्याकडे तसा कायदा 1913 साली झाला. आज काडेपेटीच्या बाजूच्या पट्टीवर तांबडा फॉस्फरस असतो, तो तसा घातक नाही.

मग गोळी सोडायची का?

समजा, बोईसरला राहणाऱ्या तुमच्या आजीला आठवड्याला एक गोळी चालू आहे आणि तिची दाढ ठणकते आहे. कुणीतरी सांगते, "त्या गोळीने जबडा सडतो, बंद कर." काय कराल?

आधी आकडे पाहा. ऑस्टिओपोरोसिससाठी औषध घेणाऱ्यांत हे दुखणे दर 10,000 रुग्णांत थोड्याच जणांना, एक-दोन ते पाचजणांना होते. कर्करोगासाठी घेणाऱ्यांत ते 100 त सुमारे 1 ते 5 जणांना होते. इतका फरक का? झोलेड्रॉनिक ॲसिडचेच उदाहरण घ्या. ऑस्टिओपोरोसिसला वर्षातून एकदा 5 मिलिग्रॅम देतात. कर्करोगात 4 मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी दिले तर वर्षाचे किती होतात? 52! म्हणजे दहापटीहून अधिक.

उलट, खुब्याचे हाड मोडले तर कित्येक वृद्ध माणसे पुन्हा पहिल्यासारखी चालू शकत नाहीत. म्हणून घाबरून गोळी सोडणे हे बहुधा नुकसानीचेच ठरते. शिवाय बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षे राहते. आज गोळी सोडली म्हणून उद्या जबडा मोकळा होतो असे नाही. डेनोसुमॅबचे इंजेक्शन तर चुकवणे अधिक धोक्याचे, कारण त्याचा परिणाम सरताच हाड झपाट्याने विरळ होते आणि मणके मोडू शकतात.

शहाणपणाचा मार्ग सोपा आहे. औषध सुरू करण्यापूर्वी दात तपासून घ्यावेत, किडके दात आधीच भरून किंवा काढून घ्यावेत. औषध चालू असताना रोज दात स्वच्छ ठेवावेत. तंबाखू व मिशरी बंद. आणि दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्यापूर्वी सांगावे, "मला हाडांचे औषध चालू आहे." दात काढल्यावर जखम भरली नाही, हाड उघडे दिसले किंवा जबड्यात बधिरपणा आला, तर पुन्हा त्यांच्याकडे जावे. अशी स्थिती आठ आठवड्यांहून अधिक टिकली आणि त्या जागी पूर्वी किरणोपचार झालेले नसले, तर डॉक्टर या दुखण्याचे निदान करतात.

पुष्कळदा ते एक वाक्य सांगायचे राहून जाते, कारण आठवड्यातून एकदा किंवा वर्षातून एकदा घेतलेले औषध "औषध" म्हणून आजीच्या लक्षातच नसते. इथे तुमचे काम आहे. घरातल्या गोळ्यांच्या पट्टीवरील नाव वाचा. ॲलेंड्रोनेट, रिसेड्रोनेट, इबँड्रोनेट, झोलेड्रॉनिक ॲसिड... या सर्व नावांत एक सारखेपणा आहे, तो शोधा. सापडले ना? "ड्रोन" हे अक्षरगट दिसले की ते नाव एका कागदावर लिहून आजीच्या पिशवीत ठेवा. दवाखान्यात जाताना तो कागद बरोबर असू द्या.