धुरंधरांचं चित्र आणि लिलावाचा हातोडा

जुन्या वस्तू विकत घेणारे गल्लोगल्ली फिरतात, ते तुम्हाला माहीत आहेत. आमच्या गटातल्या एका ताईंच्या घरी असाच एक जण आला आणि माडीवरच्या जुन्या चित्राचे पाचशे रुपये देतो म्हणाला. चित्राचे नव्हे, काचेचे आणि लाकडाचे! ताईंनी दिलं नाही. पण बैठकीत प्रश्न निघाला, चित्राची किंमत ठरवतं तरी कोण? आपल्या कोल्हापूरच्याच एका चित्रकाराला धरून आज ते सांगतो.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले, तिथेच शिक्षक झाले आणि शेवटी त्या शाळेच्या संचालकपदापर्यंत पोचले. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. १९४४ साली ते वारले. त्यांची मुलगी अंबिकाही जे. जे.मध्ये शिकली, १९३१ साली पदविका घेतली आणि स्वतः चित्रकार झाली. त्या काळात मुलीने हे करणं साधं नव्हतं.

तेव्हा युरोपातले चित्रकार पूर्वेकडच्या देशांत येत आणि इथल्या बायका, बाजार, राजवाडे रंगवून नेत. तिकडे अशा चित्रांना मोठी मागणी. पुष्कळदा त्यांतली बाई म्हणजे नुसती शोभेची वस्तू. धुरंधरांनाही इंग्रज लेखकांनी कामं दिली. १९२० साली निघालेल्या ओटो रॉथफील्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकातली चित्रं त्यांचीच. पण नऊवारीचा काष्टा कसा बसतो, डोक्यावर ओझं असलं की मान कशी राहते, हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं, आणि ते चित्रात दिसतं. तरी सगळंच आम्हाला पटलं असं नाही. त्यांच्या एका पोस्टकार्डावर मोलकरीण आहे आणि इंग्रजी नावात तिला नखरेल म्हटलंय. दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईला नखरे सुचतात कधी?

आता लिलावाकडे येऊ. लिलाव करणारी कंपनी आधी चित्राचा अंदाजे भाव छापते. मालकाने एक किमान रक्कम ठरवलेली असते, त्याखाली चित्र जात नाही. बोली थांबली की हातोडा पडतो. त्यावर खरेदीदाराला कंपनीचं कमिशन आणि कर वेगळा भरावा लागतो. भाव ठरतो तो चित्र अस्सल आहे का, आधी कुणाकडे होतं, कागद आहेत का आणि घेणारे किती, यांवर. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला सुमारे ११८ कोटींना गेलं. अनेक वर्षं ते नॉर्वेतल्या एका इस्पितळात होतं. पैसेही इस्पितळालाच मिळाले.

धुरंधरांच्या चित्रांची गोष्ट वेगळी. आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षं झालेलं चित्र पुरावस्तू ठरतं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. धुरंधरांची बरीच चित्रं आता त्यात बसतात. म्हणजे इथल्या चित्राला परदेशातला गिऱ्हाईक बोली लावून घरी नेऊ शकत नाही, घेणारे कमी होतात.

आणि चित्रकाराच्या घरच्यांना काय? दहा हजारांवर पुन्हा विक्री झाली तर चित्रकाराला किंवा वारसाला त्यात वाटा मागता येतो, असं आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५३ अ सांगतं. वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. पण कॉपीराइट संपला की हा हक्कही संपतो. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं, म्हणजे धुरंधरांच्या बाबतीत तो २००४ सालीच संपला. हातोडा कितीवर का पडेना!

घरात जुनं चित्र असेल तर आधी भिंग घ्या. सगळीकडे बारीक ठिपके दिसले तर ते छापील समजा. अशा प्रती हजारोंनी निघाल्या, त्यांना मूळ चित्राचा भाव येत नाही. ठिपके नसले म्हणजे मूळच, असंही नाही, जाणकाराला दाखवाच. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात कोल्हापूरच्या चित्रकारांची मूळ चित्रं आहेत, ती जवळून पाहून या, म्हणजे फरक डोळ्यांत बसेल. मागची पाटी, सही, तारीख यांचे फोटो काढून ठेवा. मागचा कागद फाटका दिसला तरी काढून टाकू नका. आणि दिवाळीच्या साफसफाईत चित्रावरून ओलं फडकं अजिबात फिरवू नका, जलरंग पाण्याने निघून जातो.