गोळीचा उड्डाणकाल आणि दूरध्वनी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या सैन्यासाठी एक लांब पल्ल्याचे काडतूस तयार करण्यात आले. ते बाजारात कधीच विक्रीस आले नाही. 45–80–500 हे त्याचे नाव. बंदुकीच्या नळीचा व्यास 0.45 इंच, दारू 80 ग्रेन आणि गोळी 500 ग्रेन, म्हणजे सुमारे 32 ग्रॅम, असा या आकड्यांचा अर्थ होय. सैन्याच्या नेहमीच्या काडतुसात 70 ग्रेन दारू व 405 ग्रेनची गोळी असे.

दोन गोळ्यांची जाडी सारखी असली म्हणजे समान वेगाला हवेचा रोधही जवळजवळ सारखाच होतो. परंतु जड गोळीचा वेग त्यामुळे कमी घटतो. हे कितपत लांब टिकते, याची परीक्षा 1879 साली न्यूयॉर्क बंदराच्या मुखाशी असलेल्या सँडी हूक या वाळूच्या दांड्यावर झाली. पल्ला 2,500 यार्डांपासून 3,500 यार्डांपर्यंत, म्हणजे तीन किलोमीटरांच्याही पलीकडे, नेण्यात आला.

खरी अडचण कालमापनाची होती. बार झाल्याचा आवाज तीन किलोमीटरवर पोहोचण्यास सुमारे नऊ सेकंद लागतात. तो ऐकून घड्याळ सुरू केले, तर तेवढीच चूक पदरी पडावयाची! यावर योजलेला उपाय मोठा मार्मिक होता. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, 1876 मध्ये, पेटंट मिळालेला दूरध्वनी येथे कामी आला. एक यंत्र बंदुकीपाशी ठेवले, दुसरे लक्ष्यासमोर जाड फळ्यांच्या आडोशात. तारेतून बार ऐकू येताच निरीक्षकाने स्टॉपवॉच सुरू करावयाचे व गोळी आदळताच थांबवावयाचे. सरासरी काळ भरला सुमारे 21 सेकंद.

गोळी आवाजाच्या आधी येते, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि जवळच्या पल्ल्यात ती खरीही ठरते. येथे मात्र उलट घडत होते. नळीतून सुटताना ध्वनीहून वेगवान असलेली गोळी हवेत इतकी मंदावे की, तिची सरासरी गती सेकंदाला 150 मीटरांच्या आसपास उतरे. आडोशातील माणसास तारेविना केवळ कानांनी बार ऐकू आला असता, तरी गोळी येण्यास आणखी बारा सेकंद उरले असते. तरीही जड गोळी फळ्या भेदून वाळूत शिरत असे.

पुढे सैन्याने 500 ग्रेनची गोळी स्वीकारली, पण ती 70 ग्रेन दारूच्या जुन्या, 2.1 इंची कवचात बसवून. 2.4 इंची लांब कवच मागे पडले.