ब्रेक का चिकटतात? पुण्याच्या दत्तवाडीतल्या गॅरेजचा एक दिवस

सकाळी ८.००

शटर वर गेलं की आधी जॉब कार्डं वाचायची, मग पान्याला हात लावायचा. आज ब्रेकच्या तीन गाड्या आहेत. दोन गाड्यांच्या तक्रारी सरळ दिसतात. तिसरी २००८ सालची हॅचबॅक आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. त्याआधीच्या या साध्या गाडीत पेडलपासून चाकापर्यंत दांडा, तेल, रबर आणि लोखंड एवढंच असतं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय : ‘ब्रेक चिकटतात, परत परत.’ कार्डाला जुनी बिलं टाचलेली आहेत. आधी पॅड बदलले, मग कॅलिपरचे किट टाकले, मग दोन्ही कॅलिपरच नवे बसवले. दोष मात्र होता तिथेच आहे.

अशी बिलं बघितली की मला मालकाची काळजी वाटते. परत येणारा दोष म्हणजे बहुतेक वेळा कोणी न शोधलेला दोष. पार्ट बदलले गेले, कारण कुणी सिद्ध केलं नाही.

सकाळी ८.३०

या तिसऱ्या गाडीच्या मालकीण बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आहेत. सहकारनगरला राहतात, आणि गाडी स्वतःच चालवतात. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एकदा झालं, पुढचं दोन वर्षांवर आलंय, तेव्हा गाडी ठेवायची की काढायची हे त्यांना ठरवायचंय. मी बॉनेट उघडत नाही. स्टूल देतो आणि विचारतो.

“काकू, चिकटतात म्हणजे नेमकं काय होतं?”

“घरून निघताना छान असते हो. स्वारगेटचे सिग्नल झाले की जड व्हायला लागते. ॲक्सिलरेटर सोडला की आपोआप थांबते. बालाजीनगर येईपर्यंत जळका वास सुटतो.”

“तेव्हा पेडल खाली जातं की वर येतं?”

“वर. नुसता पाय टेकवला तरी पकडतात.”

“गाडी एका बाजूला ओढते का?”

“नाही, सरळ थांबते.”

“आणि तासभर उभी केली की?”

“मग काहीच झालं नाही अशी चालते. थंडीत तर त्रासच नव्हता. म्हणून तर वाटलं, झाली दुरुस्त.”

“हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं कुठलं काम केलं होतं? ब्रेकचं नसलं तरी सांगा.”

काकू आठवतात. क्लचची केबल, बॅटरी, आणि मागचा ब्रेकलाइट पेटत नव्हता म्हणून पेडलपाशी असतो तो स्विच. हे सगळं मी कार्डावर उतरवून घेतो.

या उत्तरांनी अर्धा तपास होतो. गाडी एका बाजूला ओढली असती, तर एका चाकाचा दोष शोधायचा. सरळ थांबते, म्हणजे दोन्ही पुढची चाकं सारखीच धरली जातात. कारण दोघांच्या सामाईक वाटेवर असणार. पेडल वर येतं, म्हणजे तेल गळत नाही आणि हवाही शिरलेली नाही. हवा असती तर पेडल स्पंजसारखं दबलं असतं. आणि गरम झाल्यावरच होतं, गार झालं की सुटतं. म्हणजे दाब कुठेतरी अडकून राहतो.

सकाळी ९.१५

पहिली गाडी डावीकडे ओढते. जॅकवर चढवून घोड्या लावल्या. ब्रेक दाबून सोडला, तर पुढचं डावं चाक हाताने फिरेना. हाताखालचा मुलगा औंधच्या आयटीआयमधून मोटार मेकॅनिकचा ट्रेड करून आला आहे. तो लगेच म्हणाला, “दादा, कॅलिपर जाम.”

“कशावरून?” हा प्रश्न मी त्याला रोज विचारतो.

कॅलिपरचं हवा काढायचं निपल किंचित सोडायला सांगितलं. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं. कॅलिपरचा पिस्टन किंवा पिना गंजून अडकल्या असत्या, तर दाब गेल्यावरही चाक तसंच राहिलं असतं. म्हणजे कॅलिपर निर्दोष आहे. निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला. आता रबरी होज पाइपच्या वरच्या टोकाचा नट सोडला. चाक सुटलं नाही. होजच्या वर दाब नाही आणि खाली आहे. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याची वाट अरुंद होते. पायाच्या जोरावर तेल चाकाकडे जातं, परत यायला मात्र जोर नसतो. पुढचे दोन्ही होज बदलायचे. एकाच वयाचं रबर एका बाजूला जुनं आणि एका बाजूला नवं ठेवू नये.

निपल आणि नट सोडायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात एका कॅलिपरचे पैसे वाचले, आणि ती गाडी पुन्हा याच तक्रारीसाठी येणार नाही.

सकाळी १०.३०

दुसऱ्या गाडीतलं कुटुंब रविवारी सिंहगडावर गेलं होतं. उतरताना गोळेवाडीच्या अलीकडे पेडल तळाला गेलं. थोडा वेळ थांबल्यावर परत आलं. मग ‘आता बरी आहे’ म्हणून गाडी दोन दिवस तशीच चालवली.

मास्टर सिलेंडरवरच्या डबीतलं तेल काळपट झालंय. कधी बदललं, आठवत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ तेल कोरडं असताना २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकानुसार हा आकडा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. गडाच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की कॅलिपरमधलं तेल उकळून वाफ होते. वाफ दबते, त्यामुळे पेडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचत नाही. गार झालं की वाफेचं पुन्हा पाणी होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी काहीच सापडत नाही.

तेल सगळं नवं करायचं, लांबच्या चाकापासून सुरू करून क्रमाने हवा काढायची. आणि मालकाला दोन गोष्टी तोंडावर सांगायच्या. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. उतारावर इंजिन बंद करू नका. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका मालट्रकने ओळीने कितीतरी गाड्यांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, कारचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर. इंजिन बंद पडलं की दोघांचाही पुरवठा तुटतो. कारमध्ये दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत साथ मिळते, मग पेडल दगडासारखं होतं.

दुपारी १२.००

आता काकूंची गाडी. दोष गर्मीत येतो, तर तपासही गर्मीतच करायचा. पाऊस अजून नीट सुरू झालेला नाही, ऊन कडक आहे. सारसबागेवरून स्वारगेट, तिथून सातारा रस्त्याने पद्मावती, बालाजीनगर. काकूंनी सांगितलेला रस्ता मी बदलत नाही. मागच्या दुरुस्त्या करणाऱ्यांनी फसवलं असं मला वाटत नाही. गल्लीच्या टोकापर्यंतची ट्रायल गार ब्रेकवर होते आणि गार ब्रेकवर ही गाडी उत्तम चालते. त्यांना दोष दिसलाच नाही.

पद्मावतीला पेडल वर आलं. बालाजीनगरला न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी सपाट रस्त्यावर ताबडतोब थांबली. टेम्परेचर गनने बघितलं, पुढच्या दोन्ही डिस्क जवळपास सारख्याच तापलेल्या. पुढे नेण्यासारखी गाडी नव्हती. जवळच ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प आहे, तिथेच चढवली. गॅरेजला परत येईपर्यंत ती गार झाली असती आणि पुरावा गेला असता.

दुपारी १२.४५

पुढची दोन्ही चाकं घट्ट. पुढच्या डाव्या चाकाचं निपल सोडलं. तेल उसळलं आणि ते चाक सुटलं. उजवं तसंच राहिलं. या गाडीत दोन वेगळे सर्किट आहेत, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका वाटेवर, उरलेली दोन दुसऱ्या. एकाच वेळी दोन्ही वाटांवर दाब अडकला, तेव्हा होज आणि कॅलिपर यादीतून गेले. शोध मास्टर सिलेंडरपाशी आला.

मास्टरमध्ये डबीकडे जाणारं एक बारीक भोक असतं. पाय उचलला की पिस्टन पूर्ण मागे येतो, ते भोक उघडतं आणि गरम होऊन फुगलेलं तेल डबीत परत जातं. पिस्टन केसभर जरी पुढे राहिला, तरी भोक झाकलेलं राहतं. मग तेल तापतं, फुगतं, जायला जागा नसल्याने पॅड दाबतं. पॅड घासून आणखी उष्णता होते. काकूंनी सांगितलेलं सगळं या एका कारणात बसतं. थंडीत त्रास का नव्हता, तेही बसतं.

आता प्रश्न असा, की मास्टर स्वतः खराब आहे, की त्याला कोणी मागून ढकलतंय? बूस्टरवर मास्टर धरणारे दोन नट थोडे सैल करून मास्टर काही मिलिमीटर पुढे सरकवला. उजवं चाक त्याच क्षणी सुटलं. मास्टर खराब असता तर तो सरकवूनही दाब गेला नसता. म्हणजे मास्टर चांगला आहे, मागून कोणीतरी ढकलतंय.

नट आवळून मी डॅशबोर्डखाली आडवा झालो. पेडल बोटाने हलवून बघितलं. काही मिलिमीटर तरी मोकळी चाल हवी. इथे शून्य. पेडलच्या वरच्या बाजूला ब्रेकलाइटचा नवा स्विच जरुरीपेक्षा खोल बसवलेला. त्याचा लॉकनट सोडून स्विच मागे घेतला, तसं पेडल वर सरकलं आणि बोटाला मोकळी चाल लागली. तो स्विच पेडलला पूर्ण मागे येऊ देत नव्हता. मागचा दिवा नीट लागत होता, म्हणून तिकडे कोणी पाहिलं नाही.

मुलाला जागेवर बोलावून दाखवलं. पुस्तकातली पेडलची मोकळी चाल त्याने आज बोटाने अनुभवली.

दुपारी ३.००

गाडी परत आणली. जेवण उरकून पार्ट आणायला नाना पेठेत. कारण सापडलं तरी त्याने केलेलं नुकसान भरून काढावं लागतं. पॅड जळून काचेसारखे गुळगुळीत झालेत, ते बदलायलाच हवेत. डिस्कवर निळसर डाग आहेत. मायक्रोमीटरने जाडी मोजली, डिस्कवर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर आहे आणि डायल गेजवर लहरही मर्यादेत आहे. त्या ठेवायच्या. स्विच चांगला आहे, तो बदलायचा नाही.

दुकानात स्वस्त पॅड पुढे येतात. खोक्यावर छाप नीट नसेल, बॅच नंबर नसेल, तर मी घेत नाही. तेल सीलबंद बाटलीतलंच आणि तेही छोट्या बाटलीतलं. उघडून ठेवलेली मोठी बाटली शेल्फवरसुद्धा ओलावा ओढत राहते. डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. त्याने ब्रेकचं रबर फुगतं आणि मास्टरपासून चाकापर्यंतचं सगळं काम पुन्हा करावं लागतं.

सायंकाळी ५.३०

नवं तेल, नवे पॅड, मोकळी चाल तपासून लॉकनट आवळलेला. काकूंना शेजारी बसवून तोच रस्ता, या वेळी सायंकाळच्या गर्दीत. स्वारगेट, पद्मावती, बालाजीनगर, आणि त्याहीपुढे कात्रज चौकापर्यंत. पेडल जागचं हललं नाही. चौकातून वळून न्यूट्रलमध्ये सोडली तेव्हा गाडी आपल्या वेगाने घरंगळत राहिली. वास नाही. जिथे दोष दिसला होता तिथेच, तशाच गर्मीत तो नाही हे दिसलं, तेव्हाच मी दुरुस्ती झाली म्हणतो.

काकूंनी विचारलं, “मग ते कॅलिपर बदलले ते फुकटच गेले?”

“ते पार्ट चांगले आहेत काकू, वाया जाणार नाहीत. पण या दोषाशी त्यांचा संबंध नव्हता. गाडी ठेवा. अजून पुष्कळ चालेल.”

सायंकाळी ७.३०

जॉब कार्डावर ‘ब्रेक रिपेअर’ एवढंच लिहून मी कार्ड बंद करत नाही. लक्षण काय होतं, कोणत्या स्थितीत आलं, कोणती चाचणी केली, काय निघालं, काय केलं, परत कुठे चालवून बघितलं, हे सगळं लिहितो आणि एक प्रत मालकाला देतो. पुढे दुसऱ्या कोणाच्या हाती गाडी गेली, तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागू नये.

आपल्या शहरात वेताळ टेकडीच्या अंगाला १९६६ पासून एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. नवी मॉडेलं विक्रीला येण्याआधी तिथे त्यांचे ब्रेक तापवून, भार लादून तपासले जातात. रस्त्यावर अनेक पावसाळे काढलेल्या गाडीला अशी प्रयोगशाळा नसते. तिच्यासाठी गल्लीतला मेकॅनिक आणि तिचा मालक हे दोघेच असतात. म्हणून मालकांना माझी विनंती आहे. ब्रेकचा दोष सांगताना चार गोष्टी लक्षात ठेवून या : गार असताना होतो की गरम झाल्यावर, पेडल वर येतं की खाली जातं, गाडी कुठल्या बाजूला ओढते, आणि सुरू होण्याआधी कोणतं काम केलं होतं. मेकॅनिकने पार्टचं नाव घेतलं की त्याला ‘कशावरून?’ विचारा. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, तो तुम्हाला चाकापाशी नेऊन दाखवतो. आणि कोणी दाखवायला तयार नसेल, तर बिल भरण्याआधी गाडी दुसरीकडे दाखवा.