ज्वालामुखीच्या बर्फावर जाण्यापूर्वी

मागच्या पंधरवड्यात एक तरुण फिटनेस सर्टिफिकेटचा छापील फॉर्म घेऊन दवाखान्यात आला. रशियातील एल्ब्रुस शिखर चढायचे आणि जमले तर खालच्या उतारावर स्कीइंग करायचे, असा त्याचा बेत होता. सोबत वडील होते. वय साठीच्या घरात, रक्तदाबाची गोळी चालू, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. "मी काही चढणार नाही, डॉक्टरसाहेब. रोपवे आहे ना! वर जाऊन बर्फ बघून येईन," ते म्हणाले. सही मुलाला हवी होती, पण मला काळजी वाटली ती वडिलांची.

एल्ब्रुस हा कॉकेशस पर्वतातील निद्रिस्त ज्वालामुखी. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. दोन शिखरांपैकी पश्चिमेकडचे ५६४२ मीटर उंच असून ते युरोपातील सर्वोच्च मानले जाते. त्यामुळे आपल्याकडचे गिर्यारोहकही तिकडे आवर्जून जातात. "तो जागा तर होणार नाही ना?" असे वडिलांनी हसत विचारले. मी म्हटले, लाव्ह्याची चिंता सोडा, हवेची करा.

तिथला रोपवे आझाऊ येथे साधारण २३५० मीटरवर सुरू होतो. म्हणजे पायथ्याचे स्थानकच आपल्या कळसूबाईहून सातशे मीटर उंच. तीन टप्प्यांत तो गाराबाशीला, सुमारे ३८५० मीटरवर नेऊन सोडतो. पाळण्यात बसल्याबसल्या तासाभराच्या आत दीड हजार मीटर! वरच्या हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब उतरून समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्क्यांवर येतो. शिखरावर तो जेमतेम निम्मा. साहजिकच प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. ही तूट भरून काढायला शरीराला काही दिवस लागतात.

हे मी अनुभवाने शिकलो, आणि तो अनुभव माझ्या बाजूने नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी लेहला विमानाने निघालेल्या एका शिक्षकांना मी दोन मिनिटांत सर्टिफिकेट लिहून दिले. रोज पहाटे टेकडीवर जाणारा ठणठणीत माणूस, काय विचारायचे? तिसऱ्या रात्री त्यांच्या छातीत घुरघुर सुरू झाली, फुप्फुसात पाणी भरले. ऑक्सिजन लावून त्यांना तातडीने खाली आणले म्हणून वाचले. परत आल्यावर ते पेढे घेऊन आले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. टेकडी चढण्याचा सराव पायांना आणि दमाला उपयोगी असतो. विरळ हवेचा त्रास तो टाळत नाही. उलट धट्टेकट्टे तरुण घाईने वर जातात आणि आधी सापडतात.

सुरुवात साधी असते. डोके दुखते, मळमळते, अन्नावरची वासना जाते, झोप लागत नाही. लोक म्हणतात, प्रवासाचा शीण असेल. वाचकहो, उंचीवर दुखणारे डोके हे उंचीचेच समजावे आणि ते थांबेपर्यंत एक मीटरही वर जाऊ नये. बसल्या जागी धाप, खोकल्यातून फेस, असंबद्ध बोलणे, किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता न येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर रात्र असो की पैसे भरलेले असोत, त्या माणसाला सोबत देऊन लगेच खाली न्यावे. औषधे आहेत, पण ती खाली उतरण्याच्या बदली नव्हेत.

तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम पाचशे मीटरहून अधिक वर नेऊ नये, तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. दिवसा वर जाऊन झोपायला खाली यावे, हे उत्तम. ॲसिटाझोलामाइडची गोळी अनेकांना उपयोगी पडते, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते, घाबरू नये. मद्य आणि झोपेची गोळी मात्र नकोच.

ढगाळ हवेतही काळा चष्मा काढू नये. बर्फावरून परतणारे किरण डोळे भाजून काढतात आणि दुखणे काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. स्कीइंगमध्ये जायबंदी होतो तो मुख्यतः गुडघा. मांड्या थकल्या की 'आता एकच फेरी' म्हणू नये. आणि हवामान फिरले तर मागे फिरावे. सप्टेंबर २०२१ मध्ये याच डोंगरावर वादळात सापडलेल्या गिर्यारोहकांपैकी पाच जण दगावले.

त्या दिवशी मी सही केली नाही. मुलाचे रक्त तपासले, कार्यक्रमाचा कागद मागितला. सात दिवसांत सगळे उरकायचे होते. वडिलांना हृदयरोगतज्ज्ञांकडे ताणचाचणीसाठी पाठवले. ते जरा रुसलेच.

आठवड्याने मुलगा पुन्हा आला. "काका, दहा दिवस केले," म्हणाला. मी सही केली. वडिलांचा रिपोर्ट अजून यायचा आहे. तोवर त्यांचे तिकीट काढलेले नाही.