दोन अणूंचा कस

बँकेत असताना काही वर्षे सोनेतारण कर्जांचे काम माझ्याकडे होते. बँकेने नेमलेला सराफ यायचा, पिशवीतून काळा कसोटीचा दगड काढायचा, बांगडी त्यावर घासायचा आणि उमटलेली रेघ निरखून म्हणायचा, "साहेब, बावीसचं आहे." त्या पुसट रेघेच्या भरवशावर मी कर्ज मंजूर करत असे. पण तेवढ्याशा रेघेतही सोन्याचे अब्जावधी अणू असतात.

मॉस्कोच्या उत्तरेला दुब्ना गावात २००६-०७ साली हीच परीक्षा उलट्या बाजूने झाली. तिथे सोनेच कसोटीचा दगड झाले होते, आणि कस लावायला होते दोन अणू. मोजून दोन.

मूलद्रव्य क्रमांक ११२. कोपर्निशियम हे नाव त्याला २०१० मध्ये मिळाले. आवर्तसारणीत जस्त, कॅडमियम, पारा यांच्याखाली त्याची जागा. पण इतक्या जड अणूत आतले इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने धावतात आणि आइन्स्टाइनची सापेक्षता रसायनशास्त्रात शिरते. सोने पिवळे का आणि पारा पातळ का, याचेही उत्तर तिच्यातच आहे. (ज्या पिवळ्या रंगावर जन्मभर कर्जे दिली, त्याचे कारण मला निवृत्तीनंतर कळले!) केनेथ पिट्झर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९७५ मध्येच शंका काढली होती: ११२, ११४ आणि ११८ ही मूलद्रव्ये निष्क्रिय वायूंसारखी तर वागणार नाहीत? मग ११२ हा पाऱ्याचा भाऊबंद, की रेडॉनसारखा कोणाच्या अध्यात ना मध्यात?

प्लुटोनियमच्या पातळ थरावर कॅल्शियम-४८चा मारा आठवडेच्या आठवडे चालतो. क्वचित एखादे अणुकेंद्र जुळून ११४ तयार होते, आणि अर्ध्या-एक सेकंदात त्याचे ११२ होते. त्याचे अर्धायुष्य चारेक सेकंद. तेवढ्या अवधीत वायूच्या झोताबरोबर त्याला बारीक नळीतून न्यायचे आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या डिटेक्टरांच्या अरुंद बोळात सोडायचे. बोळाचे एक तोंड उबदार, दुसरे उणे १८० अंशांच्या आसपास गार. अणू जिथे सोन्याला चिकटेल तिथेच त्याचा अंत. जाताना तो ठरावीक ऊर्जेचा अल्फा कण फेकतो, आणि मागे उरलेला अणू क्षणार्धात त्याच जागी दुभंगतो. मोठ्या रकमेच्या व्हाउचरवर दोन सह्या लागतात, तसे हे.

त्याच प्रयोगात, त्याच वायूतून पारा आणि रेडॉनही धाडले होते. पारा दारातच सोन्याला बिलगला, रेडॉन थेट थंड टोकाला गेला. ११२चा एक अणू उणे २८ अंशांवर सापडला, दुसरा उणे ५ वर. रॉबर्ट आयख्लर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिले: सोन्याशी नाते आहे, पाऱ्याहून सैल आहे, पण आहे. रांग टिकली.

दोन नोंदींवर ताळेबंद? माझ्यासमोर आला असता तर मी परत पाठवला असता. तशात १९९९ मध्ये अमेरिकेतील बर्कलेच्या प्रयोगशाळेने ११८ सापडल्याचे जाहीर केले होते, ते २००१ मध्ये मागे घ्यावे लागले. चौकशीत एका शास्त्रज्ञाने आकडेच बनवल्याचा निष्कर्ष निघाला. दुब्नाच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवतो तो पारा आणि रेडॉन या दोन साक्षीदारांमुळे. शिवाय हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. एकेकट्या अणूचा प्रवास नशिबावर असतो, आणि वायूचा वेग व तापमानाचा उतारही दर वेळी तोच नसतो. खोटे लिहिणाऱ्याने दोन्ही आकडे जवळजवळ ठेवले असते, हा माझा कारकुनी अनुभव. २००८ पर्यंत अशा अणूंची संख्या पाच झाली.

पुढे जर्मनीत डार्मस्टाटला ११४चीही सोन्यावर परीक्षा झाली, आणि २०२४ मध्ये सेकंदाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या अर्धायुष्याच्या ११५चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिट्झरच्या यादीतले ११८ मात्र बाकी आहे. त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. वायूच्या झोतातून सोन्यापर्यंत पोचायला तेवढा वेळ पुरत नाही.