फॉरेन लँग्वेज: किती वर्षं?

सुट्टीत मंडणगडला गेलं की बारावीची मुलं हमखास विचारतात, "दादा, ॲडमिशनला फॉरेन लँग्वेज किती वर्षं लागते?" मुंबई-पुण्याची मुलं अकरावीपासूनच जर्मन, फ्रेंच घेतात हे त्यांनी ऐकलेलं असतं. म्हणजे आपला पत्ता आधीच कट!

तसं काही नाही. आपल्याकडे इंजिनीअरिंगला शून्य वर्षं लागतात. सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बस्स. शहरातली बरीच मुलं जर्मन घेतात ती मार्कांसाठी, गटेच्या प्रेमापोटी नव्हे.

परदेशी जायचं असेल तर मात्र नीट समजून घ्या. जर्मनीतले अनेक मास्टर्स कोर्स इंग्रजीत असतात, तिथे आयईएलटीएस किंवा टोफेलवर भागतं. कोर्स जर्मनमधला असेल तर साधारण सी-१ लेव्हल लागते. तुम्ही किती वर्षं शिकलात हे तिथे कुणी विचारत नाही, लेव्हलचं सर्टिफिकेट बघतात. ए-१ पासून सी-१ पर्यंत जायला ४५ मिनिटांचे ८०० ते १००० तास लागतात, असा गटे इन्स्टिट्यूटचाच (आपलं मॅक्सम्युलर भवन!) अंदाज आहे. आठवड्याला दहा तास धरले तरी दीड ते दोन वर्षं झाली, घरचा अभ्यास वेगळा. म्हणजे सेकंड इयरला सुरुवात केली तर फायनलला अर्ज भरेपर्यंत जमेल. फायनलला जागे झालात तर इंग्रजी कोर्सच शोधा.

या बाबतीत आपल्या तालुक्याचंच एक उदाहरण आहे. आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. पुढे १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे ढीगभर कोर्स केले, त्यातच प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन, प्रत्येकी फक्त एक. आणि १९२१ साली जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी स्वतःची माहिती त्यांनी चक्क जर्मनमध्ये, स्वतःच्या हाताने लिहून दिली! प्रवेश मिळालाही. (लंडनचा अभ्यास चालूच होता, वर्गांना हजेरी नाही, म्हणून जानेवारी १९२२ मध्ये नाव कमी झालं. हजेरीचा प्रॉब्लेम जुनाच आहे तर!) शाळेने संस्कृतचं दार लावलं होतं, आणि बॉनला त्यांना शिकायचं होतं त्यात संस्कृतही होतं.

वर्षं खरोखर मोजतात ती अमेरिकेत, बारावीनंतर लगेच जाणाऱ्यांसाठी. कॅलिफोर्निया विद्यापीठाला इंग्रजीखेरीज दुसरी एक भाषा दोन वर्षं शिकलेली लागते, तीन असतील तर उत्तम. आता गंमत बघा. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षं इंग्रजी सोडून दुसऱ्या माध्यमात, बऱ्या ग्रेडने पास झालेला विद्यार्थी ही अट पूर्ण करतो. म्हणजे मंडणगडच्या मराठी शाळेतला मुलगा आपोआप पास, आणि आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हा शॉर्टकट नाही!

तेव्हा धाकट्या भावंडांना सांगा, सहावीपासूनची गुणपत्रकं रद्दीत घालू नका, आणि माध्यम कोणतं होतं याचा दाखला शाळेतून इंग्रजीत घेऊन ठेवा.